फुलपाखरांची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हणजे केवळ बखरी व ताम्रपट नव्हेत. टांचणीला टोचलेलें फुलपाखरूंही साक्षीस उभें राहतें. इंग्लंडांतील हौशी पाद्र्यांनीं जमविलेल्या फुलपाखरांखालीं स्थळ व तारीख लिहून ठेविली, तेव्हां पुष्कळांस तो रिकामा उद्योग वाटला असेल. परंतु १९९९ सालीं कॅमील पार्मेसान प्रभृति संशोधकांनीं युरोपांतील ३५ जातींच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांपैकीं ६३ टक्के जातींची वस्ती विसाव्या शतकांत ३५ ते २४० किलोमीटर उत्तरेस सरकली होती. दक्षिणेस सरकल्या त्या अवघ्या ३ टक्के. कारण, वाढती उष्णता. डोंगरमाथ्यावरील जातींस मात्र सरकावयास जागाच नाहीं. आपल्या परसांतील फुलपाखरांची तारीखवार नोंद आज कोणी ठेविली, तरच उद्यांच्या इतिहासकारास पुरावा लाभेल.