मोटर स्टार्टर
मोटर स्टार्टर : कारखान्यातील विद्युत् मोटर सुरू व बंद करणारे आणि अतिभारापासून तिचे रक्षण करणारे साधन. त्याचे मुख्य घटक कॉन्टॅक्टर व ओव्हरलोड रिले हे होत. हिरवे बटण दाबताच कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, त्याचा गाभा चुंबकित होऊन चल गाभ्याला ओढतो आणि मुख्य संपर्क जुळून मोटरला पुरवठा मिळतो. बटण सोडल्यावरही एक साहाय्यक संपर्क वेटोळ्याचा प्रवाह चालू ठेवतो. वीज गेल्यास हे संपर्क सुटतात व ती परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही, त्यामुळे यंत्राजवळील कामगाराचा अपघात टळतो. ओव्हरलोड रिलेतील द्विधातू पट्टी जास्त प्रवाहाने तापून वाकते आणि वेटोळ्याचे मंडल तोडते. मात्र शॉर्ट सर्किटपासून संरक्षणासाठी फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर स्वतंत्रपणे बसवावा लागतो. थेट पुरवठ्यावर सुरू होणारी प्रवर्तन मोटर पूर्णभार प्रवाहाच्या साधारणपणे ५ ते ७ पट प्रवाह घेते. म्हणून मोठ्या मोटरींसाठी स्टार-डेल्टा स्टार्टर वापरतात. त्यात आरंभी गुंडाळ्या स्टार पद्धतीने जोडल्याने पुरवठ्यातून घेतलेला प्रवाह व आरंभीचे परिबल म्हणजे फिरवण्याचा जोर, ही दोन्ही थेट जोडणीच्या सुमारे एक-तृतीयांश होतात. त्यामुळे पूर्ण भारासह सुरू होणाऱ्या यंत्रांना ही पद्धत सहसा उपयुक्त ठरत नाही.