रईस कोणाला म्हणावे? – कुपा माशाच्या शिकारीचा इतिहास

वाचकहो, आपले सिंदी (मेघे) हे गाव वर्धा शहराला लागून वसलेले आहे. येथून मुंबईचा समुद्र रेल्वेने सातशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्या धाम नदीचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून वाहत शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते खरे. पण आपल्यापैकी कितीजणांनी समुद्र डोळ्यांनी पाहिला आहे? आठवडी बाजारातील सुके बोंबील आणि सुकट एवढीच काय ती आपली समुद्राशी ओळख. मग समुद्रातील एका माशाचा इतिहास या स्मरणिकेत कशासाठी, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे.

त्याचे कारण एक शब्द आहे. मी एकदा वर्गात विचारले, "रईस म्हणजे कोण?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "श्रीमंत माणूस, सर!" मागच्या बाकावरून एकाने भर घातली, "ज्याला काम करावे लागत नाही तो!" मुले हसली, मीही हसलो. परंतु ते उत्तर माझ्या मनातून गेले नाही. कारण हाच शब्द भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर शेकडो वर्षे कोळ्यांच्या म्होरक्यासाठी वापरला गेला, आणि त्या रईसाइतके काम तेथे दुसऱ्या कोणालाच नसे.

ही शिकार ज्या माशाची, त्याला इंग्रजीत ब्लूफिन ट्यूना म्हणतात. आपल्या कोकणात ट्यूना जातीच्या माशांना कुपा, तर काही ठिकाणी गेदर म्हणतात. ब्लूफिन हा या घराण्यातील सर्वांत मोठा. अटलांटिक महासागरातील ब्लूफिन तीन मीटरपर्यंत लांब आणि सहाशे किलोपेक्षाही अधिक वजनाचा होऊ शकतो. बहुतेक माशांचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. हा मासा मात्र आपल्या स्नायूंची ऊब शरीरात राखून ठेवतो. त्यामुळे तो थंड पाण्यातही वेगाने पोहतो. त्याला थांबणे ठाऊक नाही. पोहणे थांबले तर कल्ल्यांवरून पाणी वाहणार नाही आणि तो गुदमरेल.

हा मासा अटलांटिकमधून उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालण्यासाठी भूमध्य समुद्रात शिरतो. त्याच्या वाटेवर नांगरांनी जखडलेली, दालनामागून दालन असलेली मोठी जाळी उभी करण्याची रीत फार जुनी आहे. फिनिशियन आणि रोमन लोकही तेथे हा मासा पकडत असत. पुढे स्पेनमध्ये मुसलमानांचे राज्य आले आणि या जाळ्याला अरबी नाव मिळाले. आजही स्पेनच्या कादीझ प्रांताच्या किनाऱ्यावर त्याला 'अल्माद्राबा' म्हणतात. मूळ अरबी अर्थ, प्रहार करण्याची जागा. सिसिलीवर अरबांची स्वारी इ. स. 827 साली झाली. तेथील अरब सत्ता अकराव्या शतकात संपली, पण कोळ्यांच्या म्होरक्याचे 'रईस' हे नाव उरले. जाळे कोठे लावायचे, प्रवाह कोणत्या दिशेने आहे, दालनाचे दार कधी बंद करायचे, हे सारे तोच ठरवी. चूक झाली तर सबंध गावाची वर्षाची कमाई बुडे. रईस हे पद पैशाने नव्हे, तर जाणतेपणाने मिळत असे.

आता आपण आपल्या किनाऱ्याकडे वळू. ब्लूफिन आपल्या अरबी समुद्रात येत नाही. परंतु त्याचे भाऊबंद, पिवळ्या पराचा कुपा, लांब शेपटीचा कुपा आणि लहान कुपा, येथे येतात. रत्नागिरीच्या बाजूला दालदी नावाचा मुसलमान मच्छीमारांचा समाज पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगत आला आहे. त्यांच्या शेजारी हिंदू कोळी आणि गाबीत बांधवही त्याच पाण्यात जाळी टाकतात. यंत्रे येण्यापूर्वी शीड आणि वल्ही एवढ्यावरच हे लोक किनारा नजरेआड होईपर्यंत जात. सोबत पिण्याचे पाणी, थोडी भाकरी आणि वाऱ्याचा अंदाज!

कुपा कसा शोधतात? तांडेल आधी आकाशाकडे पाहतो. एखाद्या ठिकाणी पक्षी घिरट्या घालून पाण्यावर झेपावत असतील, तर तेथे लहान मासळी वर आलेली असते; आणि लहान मासळी वर आली म्हणजे खालून तिला कोणीतरी हाकलत असते. पाणी उकळल्यासारखे दिसू लागते. मग चालत्या होडीमागे गळ सोडायचे, किंवा रात्री मोठ्या आसाचे तरते जाळे टाकायचे. पकडलेला कुपा उन्हात ठेवून चालत नाही. त्याचे मांस लवकर बिघडते आणि असे मांस खाल्ल्यास विषबाधा होते. बर्फ सहज मिळत नव्हता त्या काळी दूरवरून कुपा ताजा आणणे ही मोठी कसरत होती. आजही पापलेट आणि सुरमई यांच्या मानाने आपल्या बाजारात कुप्याला भाव कमीच.

मालदीव बेटांवरील लोकांनी या अडचणीवर फार पूर्वी तोड काढली. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता तेथे राहिला होता. मासा कापून, थोडा शिजवून, धुरावर वाळवला जातो आणि हिंदुस्थान, चीन व येमेनपर्यंत पाठवला जातो, असे त्याने नोंदवले आहे. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरही अशीच रीत आहे. तेथे लहान नावेतून जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकून कुप्यांचा थवा जवळ आणतात आणि काठीला बांधलेल्या गळाने एकेक मासा वर ओढतात. या पद्धतीत नको असलेली मासळी फारशी मरत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे आणखी एक शब्द ऐका. अकबराच्या काळात अबुल फजलने 'ऐने अकबरी'मध्ये जहाजावरील माणसांची यादी दिली आहे. तीत नाखुदा आहे, तांडेल आहे, भांडाराची व्यवस्था पाहणारा भंडारी आहे, सुकाणू धरणारा आहे, खारवा आहे. आणि नाखुदाच्या मागोमाग आहे 'मुअल्लिम'. मुअल्लिम म्हणजे शिक्षक! समुद्राची खोली आणि उथळ जागा ज्याला ठाऊक आहेत, ज्याला ताऱ्यांचे ज्ञान आहे, तो मुअल्लिम. म्हणजे जहाजाला वाट दाखवणाऱ्याला आणि मुलांना शिकवणाऱ्याला आपल्या पूर्वजांनी एकच नाव दिले होते. शिक्षक म्हणून हे वाचताना मला अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही वाटली. कारण वाट चुकवणाऱ्या मुअल्लिमाला समुद्र क्षमा करीत नाही.

पुढे काळ बदलला. मोठी यंत्रनौका, घेरणारी प्रचंड जाळी आणि थवे शोधणारी विमाने भूमध्य समुद्रात आली. ब्लूफिन झपाट्याने घटू लागला. सिसिलीजवळच्या फाविन्याना बेटावरची परंपरागत शिकार 2007 साली शेवटची झाली. रईस उरला, मासा उरला नाही. मग अनेक देशांनी मिळून पकडीवर कडक मर्यादा घातली. 2010 साली पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रासाठी 13,500 टनांची मर्यादा होती, ती 2011 साली 12,900 टनांवर आणली गेली. परिणाम काय झाला? 2021 साली निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने अटलांटिक ब्लूफिनला धोक्यातील जातींच्या यादीतून बाहेर काढले. संयमाचे फळ माणसाला एका पिढीच्या आत दिसले.

आपल्या महाराष्ट्रातही हाच झगडा चालू आहे. लहान होडीवाल्यांच्या संरक्षणासाठी 1981 साली सागरी मासेमारीचा कायदा झाला. पुढे पर्ससीन नावाच्या घेरणाऱ्या जाळ्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी दीर्घकाळ आवाज उठवला आणि 2016 साली शासनाने त्या जाळ्यांवर मर्यादा घातल्या. पावसाळ्यात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आपले जुने तांडेल कायदा नसतानाही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवीत. वादळाचे भय हे एक कारण. पण त्याने माशालाही उसंत मिळे.

कोणी म्हणेल, हे ज्ञान अनुभवाचे आहे, त्याला शाळा कशाला हवी? मला हे पटत नाही. आज हैदराबादची सरकारी संस्था उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि रंग पाहून मासळी कोठे मिळेल याची सूचना मच्छीमारांना देते. तांडेल पक्ष्यांवरून जे ओळखत असे, ते उपग्रह आकाशातून ओळखतो. पण सूचना वाचता आली पाहिजे, कायदा समजला पाहिजे, भाव विचारता आला पाहिजे. 2019 च्या जानेवारीत टोकियोच्या बाजारात 278 किलोचा एक ब्लूफिन 33 कोटी 36 लाख येनला विकला गेला. तो जपानमधील ओमा या गावच्या समुद्रातला. तेथील कोळी लहान नावेतूनच दोरी-गळाने शिकार करतात. मासा बिघडू नये म्हणून त्याला कसे हाताळावे हे त्यांनी शास्त्र म्हणून शिकून घेतले आहे. होडी लहान असल्याने माणूस लहान राहत नाही, अज्ञानाने राहतो.

पालक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणी शेतमजुरी करतो, कोणी गॅरेजमध्ये राबतो, कोणी हातगाडी लावतो. आपल्या हातातही असे पुष्कळ ज्ञान आहे, जे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते मुलांना सांगताना संकोच करू नका. आणि तेवढेच पुरे असे समजून त्यांना शाळेतून काढूही नका. दोन्ही वल्ही चालली तरच होडी सरळ जाते.

आणि मागच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, तुझे उत्तर मी चूक दिलेले नाही. शब्दकोशात तोही अर्थ आहे. फक्त आता पुन्हा कोणी विचारले तर एवढे जोडून सांग: रईस म्हणजे तो, ज्याला समुद्र ठाऊक आहे आणि ज्याच्या शब्दावर विसंबून इतर माणसे होडीत बसतात.