पावनखिंडीचा साचा

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जी हत्यारे मांडतात, त्यांत दोन कोयते, एक विळा, नांगराचा फाळ, भाल्याचे गंजके पाते आणि सांडशीसारखे एक लोखंडी अवजार असते. या अवजाराला घरात सगळे ‘पावनखिंडीचा साचा’ म्हणतात. आमचा मूळ पुरुष विशाळगडावर होता, १६६० साली खिंडीत झालेल्या झुंजीसाठी त्याने याच साच्यात गोळ्या ओतल्या, अशी घरातली कथा. शाहूवाडी तालुक्यातल्या जुन्या घरांपैकी निम्म्या घरांत पावनखिंडीचे काही ना काही असते. आमच्याकडे साचा होता.

साचा गंजून मिटला होता. माझ्या आठवणीत तो कधी उघडलेला नाही. माझे थोरले चुलते, तात्या, त्याला हळदकुंकू लावत आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवत. मी इतिहासाच्या नादाला लागल्यावर पहिला लेख लिहिला तो या साच्यावरच. एका स्थानिक स्मरणिकेत तो छापून आला. बाहेरून मापे घेऊन मी ठोकून दिले होते की आत गोल गोळीचा खळगा असणार, गोळी पावणेदोन तोळ्यांची असणार आणि बनावट सतराव्या शतकातली आहे. तेव्हा मी तिशीत होतो आणि न उघडलेल्या वस्तूबद्दल इतके खात्रीने लिहू नये हे मला सांगणारे कोणी नव्हते. त्या लेखाची दुरुस्ती म्हणून हे लिहितो आहे. तिला पंचवीस वर्षे उशीर झाला आहे.

साच्याकडे वळण्याआधी शिशाची वाट पाहायला हवी. शाहूवाडीत जमीन उकरली तर जांभा लागतो, पठारांवर बॉक्साइट लागते, खाली काळा पाषाण लागतो. शिसे लागत नाही. दख्खनच्या या पाषाणात शिशाची खाणच नाही. म्हणजे सह्याद्रीत झाडली गेलेली प्रत्येक गोळी बाहेरून आलेल्या धातूची होती. इंग्रज कंपनीची जहाजे विलायतेहून हिंदुस्थानात जो माल आणत, त्यांत बनातीबरोबर शिसे हा ठरलेला जिन्नस असे. फ्रेंचही ते विकत. शिवाजी महाराजांनी फ्रेंचांकडून ऐंशी तोफा आणि आपल्या तोडेदार बंदुकांना पुरेल इतके शिसे घेतल्याची नोंद इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केली आहे. तोफांचा आकडा सगळे उद्धृत करतात. माझे लक्ष मात्र त्या शिशाकडे जाते, कारण तोफ एकदा घेतली की वर्षानुवर्षे राहते आणि शिसे झाडले की संपते.

समुद्रावरून आलेला माल आमच्या भागात चढायचा तो राजापूरहून अणुस्कुऱ्याच्या घाटाने किंवा रत्नागिरीकडून आंबा घाटाने. दोन्ही वाटा शाहूवाडीच्या मुलखातून जातात. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा आणि उखळी तोफ घेऊन घाट चढून आला आणि त्याने इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. त्याची किंमत राजापूरने पुढच्याच वर्षी मोजली. १६६१ मध्ये महाराजांनी वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले.

कोल्हापूर राज्यातला या विषयावरचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’. त्यात दारूखाना घरांजवळ नसावा, दारू आणि बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात द्यावेत, पुन्हा मोहोर करून ठेवावेत, अशा बारीक सूचना आहेत. आंबा आणि गजापूरकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या सूचनांचे मोल सांगावे लागणार नाही. शिशाला ऊन लागत नाही, ते शंभर वर्षे कोपऱ्यात पडले तरी तसेच राहते. बहुधा म्हणूनच दारूची निगा लिहून ठेवावी लागली आणि शिसे ओतणाऱ्याचे काम कोणी लिहून ठेवले नाही.

पाऊस आला म्हणून खिंडीचेही सांगतो. १६६० च्या जुलैत, आषाढ पौर्णिमेच्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या लोकांनी घोडखिंड अडवून धरली. बाजींना गोळी लागली असे परंपरा सांगते. आषाढातल्या त्या खिंडीत जळता तोडा पावसापासून जपायचा, कानावरची रंजक कोरडी ठेवायची आणि मग चाप ओढायचा, हे करणारा माणूस कसबी असला पाहिजे. पण लांब पल्ल्याचा प्रश्न तिथे नव्हता. दगडी घळीत अंतर ते किती असणार! गोल गोळी आणि गुळगुळीत नळी तेवढ्याला पुरेशी होती. गोळी नळीपेक्षा थोडी लहान ओतावी लागे, नाहीतर दोनचार बारांनंतर दारूच्या काजळीने नळी अरुंद झाली की ती ठासता येत नसे. मग झाडताना ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तशी फिरे. शंभर पावलांपुढे एका माणसावर नेम धरून तो लागेलच असे कोणी म्हणू शकत नव्हते.

गोळी ओतणे म्हणजे काय हे मला पुस्तकांतून कळले नाही. कडवी नदीवर मासे धरणारा माझा एक भोई मित्र जाळ्याला लावायचे शिशाचे मणी घरीच ओतायचा. त्याच्या अंगणात दोन उन्हाळे बसून मी ते पाहिले. शिसे ३२७ अंशांना वितळते, चुलीवरच्या लोखंडी पळीतही ते पाणी होते. वर राखाडी मळ धरतो, तो काढायचा. चिमूटभर मेण टाकले की धूर होतो आणि मळ वेगळा होतो. पहिले पाचसहा मणी सुरकुतलेले निघत, ते तो न बघताच परत पळीत टाकी. ‘साचा अजून गार हाय,’ एवढेच म्हणे. साचा दिव्याच्या काजळीवर धरला की रस चांगला बसतो. पाण्याचा एक थेंब पळीत पडला तर सगळा रस उसळून तोंडावर येतो. त्याच्या मनगटावर तसले दोन डाग होते. मला त्याने वाऱ्याच्या उलट बाजूला बसवले होते, कारण त्या धुराने माणसाचे पोट आणि हातपाय दोन्ही जातात हे त्याला त्याच्या बापाने सांगितले होते.

मण्यात पोकळी राहिली तरी मासा सापडतो, गोळीचे तसे नाही. लांबून नेम मारणारे लोक स्वतः ओतलेली गोळीन् गोळी तराजूत घालतात. जी हलकी भरते तिच्या पोटात हवेचा बुडबुडा असतो, म्हणजे तिचा तोल एका बाजूला गेलेला असतो. दिसायला ती इतरांसारखीच गुळगुळीत असते. पन्नास पावलांवर तिचे पाप झाकले जाते, पाचशेवर उघडे पडते. रस आणि साचा एकाच उष्णतेला राखून शेकडा गोळ्या सारख्या वजनाच्या काढणे हेच त्या कामातले निम्मे कौशल्य. शिशात थोडे कथील मिसळले की साचा नीट भरतो आणि गोळी जरा कठीण होते. फार कठीण झाली तर ती नळीत फुगत नाही, फार मऊ राहिली तर नळीला शिशाचा लेप बसतो. मेण आणि चरबी लावायची ती हा लेप टाळायला.

गोळी नळीत फुगण्याची युक्ती बरीच नंतरची आहे. नळीच्या आत पीळदार खाचा पाडल्या आणि गोळी त्यांत घट्ट बसली की ती भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि वाट सोडत नाही, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण अशी की घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासायला वेळ लागे. १८४९ मध्ये क्लोद-एतियेन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने लांबट, बुडाशी पोकळ अशी गोळी पुढे आणली. ती सैल आत जाते, बार पेटला की बूड फुगते आणि खाचा पकडते. तिच्यावरून इंग्रजांची १८५३ ची एन्फील्ड रायफल निघाली. तिची गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे तीन तोळ्यांना थोडी कमी. नेमाची पट्टी ९०० यार्डांपर्यंत आखलेली होती, आपल्या हिशोबाने आठशे मीटरच्या पुढे.

हिंदुस्थानात त्या रायफलीचे नाव झाले ते पल्ल्यापेक्षा काडतुसाच्या चरबीमुळे. शिशाच्या गोळीला वंगण लागते, या साध्या कारागिरीच्या गोष्टीतून केवढा वणवा पेटला! जानेवारी १८५७ मध्ये सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण लावायची मुभा दिली, पण तोवर विश्वास गेला होता. कोल्हापुरात ३१ जुलैला २७ व्या पलटणीने उठाव केला, ऑगस्टमध्ये कर्नल ले ग्रँड जेकबने ती निःशस्त्र केली आणि पुढे चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवले. आमच्या विशाळगडाचे तट तर त्याआधीच, १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर पाडले गेले होते आणि जहागिरीचा कारभार मलकापूरला आला होता.

आता साचा. तात्या तो उघडू देत नव्हते. ‘देवाची वस्तू उचकटायची नसती,’ हे त्यांचे उत्तर. दोन वर्षांपूर्वी माळ्याचे पत्रे गळले, फडके भिजले आणि गंजाचे पापुद्रे पडायला लागले तेव्हा ते म्हणाले, ‘बघ बाबा, आता तुझं तूच.’ मी तो तीन आठवडे रॉकेलमध्ये ठेवला. बिजागरी आधी हलली. मग एका संध्याकाळी दोन्ही पाकळ्या सुटल्या.

खळगा गोल नव्हता. एका टोकाला निमुळता, दुसरीकडे सपाट, चोवीस मिलिमीटर लांब आणि साडेचौदा रुंद. सपाट बाजूला आणखी एक तुकडा बसायची खाच होती. बुडाची पोकळी पाडणारी खुंटी तिथे बसत असणार, ती हरवली आहे. अशा आकाराचा साचा पावनखिंडीनंतर दोनशे वर्षे होत आल्यावरच शक्य होता. मी चुलीपाशी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा मी तिला सांगितले, ‘हा आपला नाही.’ ती म्हणाली, ‘घरात हाय तर आपलाच की.’

परवान्याशिवाय गोळ्या ओतणे आज गुन्हा आहे, आणि मला तशी हौसही नव्हती. मी साच्यात मधमाशीचे मेण ओतले. गार झालेली मेणगोळी मलकापुरात सोनाराच्या काट्यावर तीन ग्रॅम भरली. मेणाची घनता ०.९६, शिशाची ११.३४, म्हणजे शिशाची गोळी पस्तीस ग्रॅमच्या थोडी वर, तीन तोळ्यांची. खुंटी असती तर काही कमी. एन्फील्डच्या वजनाशी हे इतके जुळते की पुन्हा एकदा ठोकून द्यायचा मोह झाला. पण लष्कराची काडतुसे तयार मिळत, आणि त्याच सुमाराच्या शिकारीच्या ठासणीच्या रायफलींबरोबर असेच साचे येत. जहागिरीच्या शिकारखान्यात आमचे कोणी गोळ्या ओतायला होते काय? घरात तसा कागद नाही. पाकळीच्या कडेवर मात्र कानशीने घासल्याच्या खुणा आहेत. दोन्ही बाजू नीट मिटत नव्हत्या, गोळीला शिवण राहत होती, म्हणून कोणीतरी बसून त्या सारख्या केल्या आहेत. हा माणूस गोळ्या तोलून पाहणाऱ्यांपैकी होता एवढे मी म्हणेन.

हा कसब आता लुप्त झाला असे म्हणवत नाही. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर. त्यांचे मूळ गाव आंबा घाटाखालचे, संगमेश्वराकडचे मावळंगे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ४५१.४ गुणांवर ऑलिंपिकचे कांस्य घेतले. त्यांची ती बारीक गोळी आजही शिशाचीच असते, अडीच ग्रॅमच्या आसपास, वरून मेणाचा हात दिलेली. पन्नास मीटरवरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. मोठे नेमबाज एकाच छापाच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून बघतात आणि जो घाणा जुळेल तेवढाच विकत घेतात. आमच्या घरातल्या त्या अनोळखी माणसाला हे सांगितले असते तर त्याला नवल वाटले नसते.

तात्यांना सांगणे राहिले होते. या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी उघडा साचा आणि मेणगोळी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळे सांगितले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी मेणगोळी बोटांत फिरवली, नखाने तिची शिवण शोधली.

‘पावनखिंडीचा न्हाई म्हण की.’

‘नाही, तात्या.’

‘आन् हे तू त्या पुस्तकात लिवलं होतंस.’

‘चुकीचं लिहिलं होतं.’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मिटू नगंस आता. तेल लाव, गंजंल.’ सकाळी त्यांनी साचा उघडाच पाटावर ठेवायला लावला आणि हळदकुंकू आतल्या खळग्यात वाहिले.