मिरीची राणी

आयंबिलला मिरची वर्ज्य, पण मिरी चालते. आमच्या पंढरपुरात ती वाण्याकडून पुडीत येते. तिचा वेल मात्र सह्याद्रीच्या दाट पावसाच्या रानातला, झाडाच्या आधाराने चढणारा. मिरची पोर्तुगिजांमार्फत अमेरिकेतून आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा होता तो मिरी-पिंपळीचा.

या मिरीच्या ओढीने वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, हे मुलांना पाठ असते. पण सोळाव्या शतकात शरावतीकाठच्या गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी मिरीचा मोठा व्यापार सांभाळत होती. पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’च म्हणत. ती जैन होती, हे आपल्या घरांत किती जणींना ठाऊक आहे? मिरी कुटताना लेकीसुनांना वास्कोआधी तिचे नाव सांगू या.