मनोरमेचा बाप्तिस्मा

बारसें आणि बाप्तिस्मा हे दोन्ही विधि वरवर पाहतां सारखेच वाटतात. दोहोंतहि बालकाला नांव मिळतें, आप्तइष्ट जमतात व घरांत आनंद होतो. परंतु बारशाला आत्या बाळाच्या कानांत नांव सांगते, त्याच्याकडून वचन कसलेंच घेत नाहीं. बाप्तिस्म्यांत मात्र ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या वतीनें इतरांनीं वचन द्यावयाचें असतें. तें दिल्यावर त्या बालकाच्या शिक्षणावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न एका महाराष्ट्रीय विदुषीपुढें फार तीव्रपणें उभा राहिला होता.

पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या, तेव्हां त्यांची कन्या मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. पति बिपिनबिहारी मेधावी आदल्याच वर्षीं निवर्तले होते. वाँटेज या गांवीं सेंट मेरी मठांतील भगिनींनीं त्यांना आश्रय दिला; आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं तेथील पॅरिश चर्चमध्यें मायलेकी दोघींचाहि बाप्तिस्मा झाला. आईनें आपल्या बुद्धीनें निर्णय घेतला होता. मुलीसाठीं तो इतरांनीं घेतला.

इंग्लंडच्या मंडळीचें १६६२ सालचें प्रार्थनापुस्तक या विधीची सर्व तजवीज सांगतें. आईबापांनीं आदल्या रात्रीं किंवा त्या दिवशीं सकाळच्या उपासनेपूर्वीं पाळकास वर्दी द्यावी. मुलगा असल्यास दोन धर्मपिते व एक धर्ममाता, मुलगी असल्यास एक धर्मपिता व दोन धर्ममाता असाव्या. सैतानाचा त्याग, श्रद्धेचा अंगीकार यांविषयींच्या प्रश्नांना उत्तरें तेच देतात. मग जलसंस्कार होतो, कपाळावर क्रूसाची खूण होते, आणि बालकास धर्मशिक्षण देववून पुढें बिशपाकडे आणण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोंपविली जाते. १६०४ च्या नियमांनीं तर आईबापांस आपल्याच अपत्याचे धर्मपालक होण्याची मनाई केली होती. जन्म देणारी आई येथें बाजूला उभी राहते!

मठांतील भगिनी जेराल्डीन या रमाबाईंच्या जणूं आध्यात्मिक माता झाल्या. मायलेकी त्यांना प्रेमानें ‘आजीबाई’ म्हणत. पण त्रैक्यासारख्या कित्येक सिद्धांतांविषयीं रमाबाईंचें समाधान होईना. आणि जें आपल्याला पटलें नाहीं तें मुलीला आपल्या संमतीवांचून शिकवूं नये, असा त्यांनीं आग्रह धरला. जेराल्डीनबाईंना वाटे, मंडळीचा विश्वास शिकविणें हें आपलें कर्तव्यच आहे. दोघींचीहि तळमळ खरी होती. हा पत्रव्यवहार १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला, आणि तो वाचतांना एकीलाहि दोष देऊन मोकळें होणें कठीण जातें.

पुढें दैवानें हाच प्रश्न उलटा करून रमाबाईंपुढें ठेविला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. तें पुढच्या वर्षीं पुण्यास गेलें. रमाबाई प्रार्थनेच्या वेळीं आपल्या खोलीचें दार लावीत नसत आणि मुली आपण होऊन आंत येत. या मुलींच्या पालकांनीं आक्षेप घेतला. १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांनीं सल्लागारपद सोडलें आणि कित्येक मुलींना घरीं नेण्यांत आलें. वाँटेजला ‘माझ्या मुलीला काय शिकवावें तें मी ठरवीन’ असें म्हणणारी माता पुण्यास स्वतःच आजीबाईंच्या जागीं येऊन बसली होती.

हा प्रश्न त्यांच्याबरोबर संपला नाहीं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत खामगांव भागांत काम केलेल्या अलायन्स मिशनच्या परंपरेंत तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहींत. त्याला देवापुढें समर्पित करितात, आणि समजूं लागल्यावर वचन त्याचें तो देतो. बुलढाण्यास आलेल्या नाझरेन मंडळींत दोहोंपैकीं एक निवडण्याची मोकळीक आईबापांना असते. आम्हांस वाटतें, यांत केवळ ख्रिस्ती घरांचाच विचार नाहीं. आठव्या वर्षीं मुंज लावतांना आपण तरी बटूला कुठें विचारतों?

मनोरमाबाईंनीं मोठेपणीं आईच्याच कार्याला वाहून घेतलें आणि १९२१ सालीं, आईच्या आधीं, देह ठेविला. मुलांच्या वतीनें वचन देणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं तें वचन कधींतरी त्यांच्या हातीं परत सोंपवावयाचें असतें.