मेमरी कार्डावरची तारीख

'रा.वन' हा सिनेमा 26 ऑक्टोबर 2011 रोजी, ऐन दिवाळीत लागला. दिग्दर्शन अनुभव सिन्हांचं, निर्मिती शाहरुख खानच्या रेड चिलीजची. त्याच महिन्यात त्याच नावाचा गेम प्लेस्टेशन 2 आणि प्लेस्टेशन 3 या दोन यंत्रांसाठी बाजारात आला. तो मुंबईच्या ट्राइन गेम्सने तयार केला होता आणि प्रकाशक होती सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट युरोप. इथपर्यंत वाद नाही. पण हाच गेम हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावात कधी पोचला, हे शोधायला बसलं की कागद लगेच संपतात.

पहिली अडचण नावाचीच. पुसेगाव म्हटलं की बहुतेकांना सेवागिरी महाराजांचं, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं पुसेगाव आठवतं. आमचं पुसेगाव सेनगाव तालुक्यातलं. तालुका पाहिल्याशिवाय कोणतीही नोंद आपली मानायची नाही, हा पहिला नियम. जुन्या नोंदींत जिल्हाही परभणीच असतो, कारण हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला.

दुसरी अडचण मोठी आहे. सरकारी दप्तरात व्हिडिओ गेमला खानाच नाही. 2011 च्या जनगणनेआधी, 2010 मध्ये घरयादी झाली. घरात रेडिओ आहे का, टीव्ही आहे का, संगणक, फोन, सायकल, मोटारसायकल, मोटार आहे का, हे सगळं त्यात विचारलं होतं. टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्राबद्दल प्रश्न नव्हता. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 होती हे त्या जनगणनेतून कळतं. त्यातल्या किती पोरांच्या हातात रिमोट होता, ते कळत नाही. सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून 'रा.वन' सिनेमाची फाइल आहे. गेमला तसं काही लागत नव्हतं, म्हणून फाइल नाही. 1954 च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात द्यावी लागते. तो कायदा पुस्तकांचा आणि वर्तमानपत्रांचा. गेमची डिस्क कुठे जमा करायची, हे कुठल्याच कायद्याने सांगितलं नव्हतं. सिनेमाच्या खास दृश्यपरिणामांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याची नोंद कायम राहील. त्याच नावाचा खेळ मुंबईत बसून घडवणाऱ्यांची नावं मात्र मुख्यतः त्या डिस्कमध्येच आहेत, आणि डिस्कवर चरे पडताहेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग उरतात घरातल्या वस्तू. आमच्याकडे प्लेस्टेशन 2 आहे, बारीक अंगाचं, शेवटच्या काळातलं. लेन्स गेली आहे. दहा वेळा डिस्क घातली तर एखाद्या वेळी वाचते, एरवी लाल पडदा येतो. रिमोटच्या डाव्या दांडीवरचं रबर झिजून पांढरं प्लास्टिक दिसतंय. त्याच्यासोबत 8 एमबीचं काळं मेमरी कार्ड आहे. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून स्केचपेनाने दादाचं नाव लिहिलंय. आतल्या सेव्हवर पुढे कुणा चुलतभावाने हक्क सांगू नये, म्हणून.

दादाची आठवण ठाम आहे. सिनेमा लागला त्याच दिवाळीत गेम घरात आला, असं तो सांगतो. किल्ला, फटाके आणि सिनेमाचा नायक जी.वन हे त्याच्या मनात एकत्र बसलेलं आहे. आठवण खोटी आहे असं कुणी म्हणू नये. पण इतिहासात ती एक साक्ष असते, निकाल नसतो. दुसरी साक्ष मेमरी कार्डाची.

या कार्डावरच्या प्रत्येक सेव्हला दोन वेळा जोडलेल्या असतात: तो पहिल्यांदा तयार झाला ती, आणि त्यात शेवटचा बदल झाला ती. कार्डातला मजकूर संगणकावर उतरवला की त्या दिसतात. 'रा.वन'चा सेव्ह 13 मे 2012 रोजी, रात्री 12 वाजून 50 मिनिटांनी तयार झाल्याची नोंद निघाली. रात्री पाऊण वाजता आमच्या घरात पोरं टीव्हीसमोर असणं शक्य नव्हतं. आबा साडेदहाला स्वतः उठून बटण बंद करायचे.

उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. प्लेस्टेशन 2 आतल्या आत जपानची वेळ पाळतं. पडद्यावर आपल्याला आपली वेळ दिसते, पण कार्डावर लिहिली जाते टोकियोची. यंत्राला भारताचा कालपट्टा सांगितलेला असेल तर फरक 3 तास 30 मिनिटांचा. कुणी कालपट्टा लंडनचाच ठेवून घड्याळ तेवढं आपल्याप्रमाणे लावलं असेल, तर तोच फरक 9 तासांचा होतो. म्हणून यंत्राची सेटिंग आधी पाहिली. कालपट्टा भारताचा निघाला. म्हणजे खरी वेळ शनिवार, 12 मे 2012, रात्री 9 वाजून 20 मिनिटं. उन्हाळ्याची सुट्टी, जेवणं उरकलेली, आबा अजून जागे.

आता त्या घड्याळावर विश्वास ठेवायचा का? त्याला आतल्या नाण्याएवढ्या सेलवर चालावं लागतं, आणि तारीख लावणारा माणूसच असतो. इथे त्याच कार्डावरचा दुसरा सेव्ह कामी आला. 'फिफा 13'चा सेव्ह 9 डिसेंबर 2012 चा आहे, आणि हा गेम मुळात निघाला सप्टेंबर 2012 च्या अखेरीस. घड्याळ खऱ्या वेळेच्या पुढे धावत असेल, तर ते फार तर सव्वादोन-अडीच महिने पुढे असू शकतं. त्याहून जास्त धरलं तर फुटबॉलचा गेम निघण्याआधीच आमच्याकडे सेव्ह झाला असं म्हणावं लागेल. तेवढे दिवस मागे गेलं तरी 'रा.वन'चा सेव्ह फेब्रुवारीअखेर-मार्च 2012 च्या अलीकडेच राहतो. घड्याळ मागे असेल तर खरी तारीख आणखी पुढे जाते. कोणत्याही बाजूने हिशेब केला तरी 2011 ची दिवाळी हाताला लागत नाही. जुना सेव्ह पुसून नवा केल्याची शक्यता उरते, म्हणून दादाचं म्हणणं मी खोडून काढत नाही. दिवाळीच्या बाजूने कार्डावर पुरावा नाही, एवढंच लिहितो.

हा सहा-सात महिन्यांचा उशीर मला क्षुल्लक वाटत नाही. आमच्या भागात गोष्टी कशा पोचत होत्या, ते त्यातून कळतं. प्लेस्टेशन 2 जपानमध्ये 4 मार्च 2000 रोजी आलं. पुढचं यंत्र 2006 मध्ये जपानात आणि एप्रिल 2007 मध्ये भारतात आलं, तेव्हा त्याची इथली किंमत होती 39,990 रुपये. म्हणून 2011 मध्ये मुंबईतल्या स्टुडिओने सिनेमाचा गेम बनवताना अकरा वर्षांचं यंत्र सोडलं नाही. जगाने मागे टाकलेलं ते यंत्र इथल्या घरांत अजून नवं होतं. 'डॉन 2'चं उदाहरण आणखी बोलकं आहे. सिनेमा डिसेंबर 2011 चा, आणि हैदराबादच्या गेमशास्त्रने बनवलेला त्याचा गेम प्लेस्टेशन 2 वर आला 2013 मध्ये. या यंत्राचं उत्पादन थांबल्याची बातमी त्याच वर्षीच्या जानेवारीत आली होती. हा गेम मरत्या यंत्रासाठी मुद्दाम बनवला गेला, कारण खेळणारे तिथेच होते.

अजून एक कागद मला महत्त्वाचा वाटतो: भारनियमनाचं वेळापत्रक. त्या वर्षांत महावितरण फीडरवरची वीजगळती आणि वसुली पाहून गट पाडायची; गळती जास्त, तितकी लाईट जास्त वेळ बंद. वर्तमानपत्रांत गटवार तास छापून यायचे. कार्डावरच्या वेळा टोकियोतून पुसेगावच्या करून त्या वेळापत्रकाशेजारी मांडल्या, तर गावातल्या पोरांची संध्याकाळ तासातासाने उभी करता येईल. सेव्ह करण्याआधी लाईट गेली की अख्खी लेव्हल वाया. सिनेमाची कथाही अर्धवट राहिलेल्या डावावरच उभी आहे: प्रतीक नावाचा मुलगा 'ल्युसिफर' या नावाने खेळतो, डाव मध्येच सोडतो, आणि तो पुरा करायला रा.वन गेममधून बाहेर येतो. आमच्याकडे डाव अर्धवट राहणं रोजचं होतं. ती कथा आम्हाला एवढी जवळची का वाटली, याचं एक कारण मी इथे शोधतो.

हिंगोली, परभणी, वाशीम, नांदेडकडे अशी यंत्रं माळ्यावर पडून असतील. भंगारात घालण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. यंत्र टीव्हीला लावून तारीख, वेळ आणि कालपट्टा जसा दिसेल तसा लिहून ठेवावा, दुरुस्त करू नये. मेमरी कार्डातले सेव्ह पुसण्याआधी ते संगणकावर उतरवून घ्यावेत. आणि कार्ड कुणाचं होतं, यंत्र कुठून आणि कुणाकडून घेतलं, हे ज्याला आठवतं त्याच्याकडूनच, त्याच्या अक्षरात लिहून घ्यावं.