सागरी एंजिने, जुनी एकसिलिंडरी
मासेमारी नौका, किनारी मालवाहू गलबते व कालव्यांतील नावा यांना गती देण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली, एकच सिलिंडर असलेली अंतर्ज्वलन एंजिने. शीड व वल्ही यांवर अवलंबून असलेला उत्तर यूरोप व कॅनडा यांच्या किनाऱ्यांवरील मच्छीमार यांत्रिक युगात आला तो मुख्यतः या एंजिनांमुळे. तथापि मोठ्या जहाजांच्या वाफ एंजिनांची कागदपत्रे जशी जपली गेली, तशी यांची गेली नाहीत. पुष्कळदा शिल्लक राहिलेले एंजिन हाच त्याच्या इतिहासाचा प्रमुख पुरावा असतो. त्यामुळे त्याची दुरुस्ती कशी व कितपत करावी, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

या वर्गातील सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे तप्तगोल एंजिन. ब्रिटिश संशोधक हर्बर्ट ॲक्रॉइड स्टूअर्ट (१८६४–१९२७) यांनी चार्ल्स बिनी यांच्यासमवेत १८९० मध्ये त्याचे पेटंट घेतले. ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीने १८९२ च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू केले. स्टॉकहोमच्या बोलिंडर कंपनीचे पहिले एंजिन १८९३ मधील असून पुढे नौकांसाठी तिचे द्विधाव एंजिन सर्वत्र प्रसिद्ध पावले. ब्रिटनच्या कालव्यांवरही १९१२ पासून ते दिसू लागले.

या एंजिनात सिलिंडराच्या माथ्यावर बीडाचा पोकळ गोल असतो. एंजिन सुरू करण्यापूर्वी तो दाबाच्या दिव्याने तापवावा लागतो. या कामी बराच वेळ जातो. तापलेल्या गोलात तेलाचा फवारा पडला, की तेलाची वाफ होऊन ती दट्ट्याने दाबलेल्या हवेत पेट घेते. पुढे ज्वलनाच्या उष्णतेनेच गोल तापलेला राहतो. डीझेल एंजिनास लागणारे उच्च संपीडन येथे आवश्यक नसल्याने जाडजूड, साध्या घडणीचे भाग चालत असत व हलक्या प्रतीचे तेलही पुरत असे. शक्तीच्या मानाने एंजिन अवजड असे आणि तेलही अधिक खाई. परंतु बंदरातील साध्या कारागिरास ते उघडून पुन्हा जोडता येई, हेच त्याच्या प्रसाराचे खरे कारण म्हटले पाहिजे. फार वेळ बिनभाराचे चालल्यास गोल निवून एंजिन बंद पडे. उलट भार वाढल्यास तो लालभडक होई, म्हणून अनेक एंजिनांत सिलिंडरात पाण्याचे थेंब सोडण्याची सोय असे. नाव मागे घेण्याची रीत तर विलक्षणच होती. वेग अगदी कमी करून, दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याआधीच तेल फवारले, की त्या धक्क्याने प्रचक्र उलट दिशेने फिरू लागे. हा क्षण चालकास एंजिनाच्या ठोक्यांवरून, कानानेच ओळखावा लागे.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशा व न्यू फाउंडलंड या किनाऱ्यांवर पेट्रोलवर चालणारा निराळा प्रकार रूढ झाला. त्यात सिलिंडराच्या आतच दोन धातूंची टोके एकमेकांस टेकून विलग होतात व विलग होताना ठिणगी पडते. विद्युत् दाब कमी असल्याने दमट हवेत व लाटांच्या तुषारांतही हे एंजिन सहसा दगा देत नसे. ब्रिजवॉटर येथे १९०८ मध्ये स्थापन झालेली अकेडिया कंपनी व लूननबर्गचा ओतकारखाना ही त्याची प्रसिद्ध उत्पत्तिस्थाने होत. स्थानिक बोलीत त्याला ‘एकफुप्फुशी’ अशा अर्थाचे नाव होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हलकी व जलद फिरणारी डीझेल एंजिने स्वस्त झाली आणि जुनी एंजिने भंगारात गेली. काहींची प्रचक्रे नांगरणीचे वजन म्हणून समुद्रतळाशी राहिली. भारतात १९५२ च्या करारान्वये नॉर्वेच्या साहाय्याने केरळमधील नींडकरा येथे मासेमारी नौकांना एंजिने बसविण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तप्तगोल एंजिनांचा काळ सरत आला होता. म्हणूनच येथील मच्छीमार बहुतांशी शिडावरून थेट डीझेलकडे वळला.

संशोधनाची सुरुवात एंजिनावरील पितळी पट्टी व त्यावरील अनुक्रमांक यांपासून होते. कारखान्याच्या विक्रीवह्या, मूल्यपत्रके व सुट्या भागांच्या याद्या मिळाल्यास त्यांच्याशी तो ताडून पाहतात. नॉर्वेतील मासेमारी नौकांच्या छापील नोंदवह्या या दृष्टीने अतिशय मोलाच्या आहेत, कारण त्यांत नौकेबरोबर एंजिनाची बनावट व अश्वशक्तीही दिलेली आढळते. तरीही कागदोपत्री न सापडणारी माहिती एंजिनाच्या अंगावरच असते : घरगुती दुरुस्तीचे टाके, दुसऱ्या एंजिनाचा बसविलेला भाग, एकावर एक दिलेले रंगाचे थर, चालकाच्या हाताने झिजलेली मूठ.

जतनातील मोठा शत्रू खारे पाणी. ते थंडाव्यासाठी थेट सिलिंडराभोवती खेळविले जाई, त्यामुळे आतील मार्ग गंज व क्षार यांनी बुजतात. बीडातील लोह हळूहळू निघून जाऊन मागे ग्रॅफाइटाचा सांगाडा उरतो; आकार जसाच्या तसा दिसतो, पण चाकूने खरवडता येतो. समुद्रतळातून काढलेले असे एंजिन सरळ वाळू दिल्यास तडकून त्याचे ढलपे निघतात. म्हणून ते ओले ठेवून, क्षार काढून मगच सुकवावे लागते. जुन्या सांध्यांतील ॲस्बेस्टस हाही धोका असून ते काढण्यास प्रशिक्षित माणूस हवा.

एंजिन चालू स्थितीत ठेवावे, की आहे तसे राखावे, याविषयी जाणकारांत एकमत नाही. चालू ठेवायचे तर तडकलेला गोल, झिजलेले धारवे व दट्ट्याची कडी बदलावी लागतात आणि प्रत्येक बदलाबरोबर पुराव्याचा काही अंश जातो. न चालवल्यास गोल तापविण्याचे व प्रचक्र उलटविण्याचे कौशल्य मात्र लोप पावते. ते पुस्तकावरून शिकता येत नाही. एकाच नमुन्याची अनेक एंजिने उपलब्ध असल्यास काही चालवावी, एखादे मुळीच हात न लावता ठेवावे, हा मार्ग अधिक सयुक्तिक दिसतो. एकमेव उरलेल्या नमुन्यात मात्र सिलिंडर नव्याने कातून घेणे वा रंग खरवडून चकाकी आणणे समर्थनीय नाही. भाग बदललाच, तर नव्या भागावर वर्ष कोरावे, जुना भाग लेबल लावून जपावा आणि दुरुस्तीपूर्वीची मापे व छायाचित्रे एंजिनाबरोबरच ठेवावीत.